‘हरित घर’ घेताना काय विचारावे?

प्रश्न : आम्ही नव्या गृहसंकुलात घर घेण्याच्या विचारात आहोत. जवळजवळ प्रत्येक माहितीपत्रकावर ‘हरित घर’ असे छापलेले असते आणि किंमतही त्यामुळे थोडी अधिक सांगितली जाते. सौर पॅनेल आणि बाग यांपलीकडे नेमके काय पाहावे?

उत्तर : सौर पॅनेल मागाहूनही बसवता येतात, नळ आणि दिवे केव्हाही बदलता येतात, परंतु इमारतीची दिशा, खिडक्यांची जागा आणि भिंतींचे साहित्य एकदा ठरले की सदनिकाधारकाच्या हाती काही उरत नाही, म्हणून पाहणीची सुरुवात तेथूनच करावी. मावळतीकडचे ऊन तिरपे येत असल्याने खिडकीवरचा छज्जा ते फारसे अडवू शकत नाही आणि उष्ण हवामानात त्या बाजूला मोठी काच असलेली खोली रात्रीपर्यंत तापलेली राहते. आतला पडदा उजेड अडवतो, पण तोवर उष्णता काचेतून आत शिरलेली असते. ती रोखायची तर आडोसा काचेच्या बाहेरच हवा. त्यामुळे घर भर दुपारनंतर आणि वातानुकूलन बंद करायला सांगूनच पाहावे, असा माझा आग्रह राहील. भिंत कशाची आहे हेही विचारावे. हवेची सूक्ष्म छिद्रे असलेले एएसी ब्लॉक भाजलेल्या विटेपेक्षा बरीच कमी उष्णता वाहून नेतात.

प्रमाणपत्र दाखवले गेले, तर ते कोणत्या टप्प्याचे आहे हे वाचावे. आराखड्यावरून मिळणारे प्राथमिक प्रमाणपत्र वेगळे आणि बांधकाम पूर्ण झाल्यावर पडताळणी करून मिळणारे अंतिम प्रमाणपत्र वेगळे. बांधकाम चालू असताना विकासकाकडे फार तर पहिलेच असू शकते. जागतिक बँक समूहातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाच्या ‘एज’ या प्रमाणपत्रासाठी त्या भागातील नेहमीच्या बांधकामाच्या तुलनेत ऊर्जा आणि पाणी यांत प्रत्येकी किमान २० टक्के बचत दाखवावी लागते, शिवाय बांधकाम साहित्याचाही हिशेब होतो. अधिक किंमत मागितली जात असेल, तर अंतिम प्रमाणपत्र मिळवून देण्याची जबाबदारी करारात लिहून घ्यावी. तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची सोय असल्याचे सांगितले, तर यंत्रणा पाहून थांबू नका, स्वच्छतागृहातली नळजोडणी पाहा. फ्लशच्या टाकीपर्यंत स्वतंत्र नळ आलेला नसेल, तर ते पाणी बागेपुरतेच वापरले जाणार आहे.