घरून बोलावले जाणारे अग्निशामक ट्रॅफिकमधून केंद्रावर वेळेत कसे पोहोचतात?

आपण विचारले आहे की, परदेशात घरून किंवा कामाच्या जागेवरून बोलावले जाणारे अग्निशामक एवढ्या रहदारीतून केंद्रावर वेळेत कसे पोहोचतात, त्यांना स्वतःच्या गाडीवर दिवा-सायरन लावता येतो का, आणि आपल्या नागपुरात अशी व्यवस्था चालेल का. शिवाय आपले शेजारी अग्निशमन दलात आहेत आणि सुट्टीच्या दिवशी बोलावणे आले की स्वतःच्या गाडीवर लाल दिवा लावून निघतात, ते कायदेशीर आहे का, अशी पुस्तीही आपण जोडली आहे. मी विदर्भातल्या एका नगरपालिकेच्या अग्निशमन दलातून निवृत्त झालो असून आता मानेवाड्याला राहतो. घरून बोलावले जाण्याचा प्रसंग माझ्यावर नोकरीत आला तो केवळ मोठ्या आगींच्या वेळी. इंग्लंडमधली पद्धत मात्र जवळून पाहायला मिळाली, कारण माझा भाचा तिथल्या एका लहान गावात आपली नोकरी सांभाळून हे काम करतो आणि मी त्याच्याकडे काही आठवडे राहून आलो आहे.

थोडक्यात उत्तर असे की, ही माणसे गाडी जोरात पळवून वेळेत पोहोचत नाहीत. ती जवळ राहतात म्हणून पोहोचतात. ब्रिटनमध्ये अशा माणसाला भरती करतानाच त्याचे घर किंवा कामाची जागा केंद्रापासून साधारण पाच मिनिटांच्या आत आहे ना, हे पाहिले जाते. काही दले थोडी अधिक सवलत देतात, पण ही पाच मिनिटे नियमाने गाडी चालवून धरलेली असतात. त्याच्या कमरेला अलर्टर नावाचे लहानसे यंत्र असते आणि आपण आठवड्यातले कोणते तास उपलब्ध आहोत हे त्याने आधीच कळवलेले असते. पूर्ण हजेरीच्या करारात हे तास आठवड्याला सुमारे 120 भरतात, म्हणजे झोपेचे तासही त्यातच आले. एवढा वेळ त्या पाच मिनिटांच्या वर्तुळाबाहेर पाऊल टाकायचे नाही, ही खरी नोकरी आहे. आग विझवणे हा तिचा लहान भाग. माझा भाचा किराणा गावातल्याच महागड्या दुकानातून आणतो, कारण स्वस्त बाजार त्या वर्तुळाच्या बाहेर पडतो. त्याच्या बायकोचा यावर कायमचा राग आहे आणि तो मला अगदी रास्त वाटला.

अलर्टर वाजल्यावर नेमके काय होते ते मी एकदा जेवणाच्या ताटावर बसून पाहिले. वरणभाताचा घास हातात असतानाच ते यंत्र किंचाळले. भाच्याने हात धुतला नाही, नॅपकिनला पुसला, दाराजवळच्या खिळ्यावरून किल्ली काढली, नाडी नसलेल्या बुटांत पाय सरकवले आणि "मामा, येतो," एवढे म्हणून तो बाहेर पडला. गाडी तोंड रस्त्याकडे करून लावलेली होती. तो ती रोज तशीच लावतो, कितीही थकून आला तरी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कोपऱ्यावरचा सिग्नल दिसत असे. सिग्नल लाल होता, चौकात चिटपाखरू नव्हते, आणि हा गृहस्थ तिथे चक्क थांबला होता. रात्री परतल्यावर मी त्याला याबद्दल छेडले, तेव्हा त्याने दिलेले उत्तर माझ्यासारख्या जुन्या माणसालाही पटले. बंब चालवण्याची परवानगी त्या केंद्रावर मोजक्याच लोकांकडे आहे आणि त्यांपैकी तो एक आहे. सिग्नल तोडल्याबद्दल परवान्यावर दंडाचे गुण चढत गेले आणि परवानाच गेला, तर गावाचा बंब चालकाअभावी जागेवर उभा राहील.

आता थोडे गणित करू, कारण घाई केल्याने नेमके किती मिळते याचा अंदाज लोकांना नसतो. घर केंद्रापासून 2 किलोमीटरवर आहे असे धरा. तिथल्या गावातली वेगमर्यादा ताशी 30 मैल, म्हणजे सुमारे 48 किलोमीटर. त्या वेगाने हे अंतर अडीच मिनिटांत कापले जाते. मर्यादा मोडून ताशी 64 किलोमीटरने गेले तर सुमारे 37 सेकंद वाचतात, तेही वाटेत एकदाही ब्रेक लावावा लागला नाही तर. आणि हे 37 सेकंद आगीपर्यंत पोहोचतातच असे नाही. बंब निघतो तो पहिला माणूस आल्यावर नव्हे, तर किमान संख्या पूर्ण झाल्यावर. तिथे ही संख्या बहुधा चार असते आणि त्या चौघांत एक प्रशिक्षित चालक व एक हुकूम देणारा अधिकारी असावाच लागतो. आपण तिसरे पोहोचलो असू, तर वाचवलेले 37 सेकंद चौथ्याची वाट पाहण्यात जातात. तिघे अग्निशामक आणि एक अधिकारी जमले, पण चालक रस्त्यात अडकला आहे, असेही होते. तेव्हा लखलखीत बंबाशेजारी चौघे उभे राहतात आणि नियंत्रण कक्ष शेजारच्या गावचा बंब पाठवतो. म्हणून शहाणे केंद्रप्रमुख गाडी कशी हाकावी याची प्रवचने देत बसत नाहीत; दुपारच्या वेळी गावात चालक किती आणि अधिकारी किती उरतात, या तक्त्याकडे त्यांचे लक्ष असते. नोकरदार माणसे दिवसा मोठ्या शहरात कामाला जातात, तेव्हा या तक्त्यात सर्वांत मोठी भोके पडतात. रहदारीपेक्षा हे दुखणे कितीतरी मोठे आहे.

दिवा-सायरनबाबत देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये केंद्राकडे निघालेल्या अग्निशामकाच्या खासगी गाडीला निळा दिवा मिळत नाही आणि वाहतुकीचे नियम त्याला इतरांसारखेच लागू धरले जातात. तातडीच्या कामावर निघालेल्या डॉक्टरांना हिरवा दिवा लावता येतो, पण त्यानेही सिग्नल ओलांडण्याचा हक्क मिळत नाही. जर्मनीत स्वयंसेवी अग्निशामकांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे आणि तिथला कायदा अधिक बारकाईचा आहे. अत्यंत निकडीच्या वेळी अग्निशमन दलाला वाहतूक नियमांतून सूट देणारे कलम खासगी गाडीने केंद्राकडे जाणाऱ्यालाही काही प्रमाणात लागू होते, असे तिथल्या न्यायालयांत मानले गेले आहे. परंतु इतरांनी बाजूला व्हावे असा हक्क मागायचा तर निळा दिवा आणि सायरन दोन्ही लागतात, आणि ते खासगी गाडीवर नसतात. म्हणजे नियम थोडा वाकवण्याची मुभा आहे, पण अपघात झाला तर उत्तर आपणच द्यायचे. अमेरिकेत सुमारे दोनतृतीयांश अग्निशामक स्वयंसेवी आहेत आणि तिथे राज्यागणिक दिव्याचा रंगसुद्धा बदलतो. न्यूयॉर्क राज्यात त्यांना निळा दिवा लावता येतो, पण तो केवळ विनंतीचा दिवा आहे. त्याला पाहून वाट द्यायची की नाही हे समोरच्याच्या सौजन्यावर सोडलेले आहे आणि लावणाऱ्याला वेगमर्यादा सुटत नाही. याच देशात खासगी गाडीने केंद्राकडे किंवा आगीकडे धावताना झालेल्या अपघातांत स्वयंसेवकांचे जीव गेल्याची नोंद वर्षानुवर्षे होत आली आहे. म्हणूनच मला ब्रिटिशांचा कोरडा नियम अधिक शहाणपणाचा वाटतो.

आपल्याकडची रचना मुळातच निराळी आहे. इथे महापालिका आणि नगरपालिकांची दले पूर्णवेळ पगारी आहेत, माणसे पाळीने केंद्रावरच हजर असतात, आणि अनेक ठिकाणी क्वार्टरही केंद्राच्या आवारातच असतात. आमच्या केंद्रावर घंटा झाली की गमबूट आणि हेल्मेट बंबाच्या पायरीपाशीच सापडत आणि बंब फाटकाबाहेर पडेपर्यंत कोणी शर्टाची बटणे लावत नसे. फाटकातून बाहेर पडेपर्यंत आम्हाला रहदारी भेटतच नसे. ती भेटायची ती फाटकाच्या पुढे. नागपुरातला प्रश्नही तोच आहे. सिव्हिल लाइन्समधून निघालेल्या बंबाची खरी परीक्षा इतवारी, गांधीबाग किंवा महालच्या गल्ल्यांत लागते, जिथे दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्यांमधून हातगाडीसुद्धा अंग चोरून जाते.

घरून बोलावण्याची परंपरा आपल्याकडे पाहायची असेल, तर अग्निशमन दलापेक्षा रेल्वेकडे पाहा. अजनीच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या कोणालाही भोंगा माहीत असतो. अपघात झाला की भोंग्याच्या ठरावीक इशाऱ्यावर कर्मचारी क्वार्टरमधून धावत निघतात आणि मदतगाडी दिवसा 30 मिनिटांत, रात्री 45 मिनिटांत सुटावी अशी अपेक्षा असते. वैद्यकीय मदतीची गाडी तर त्याहूनही लवकर सुटावी लागते. हे जमते, कारण रेल्वेने माणसे यार्डाच्या हाकेच्या अंतरावर वसवली. जो नियम इंग्लंडमधल्या त्या लहान गावात, तोच इथे.

मग नागपूर शहरात घरून बोलावलेल्या अग्निशामकांची व्यवस्था चालेल का? माझ्या मते नाही. संध्याकाळी सात वाजता मानेवाड्याहून कॉटन मार्केटला निघालेला माणूस अर्ध्या तासात पोहोचला तरी नशीब समजायचे, आणि त्यात लोहापुलाखाली पाणी तुंबले असेल तर बोलायलाच नको. अवयव घेऊन जाणाऱ्या रुग्णवाहिकेसाठी आपले वाहतूक पोलीस ग्रीन कॉरिडॉर उत्तम करतात, पण त्याची वेळ आणि वाट आधी ठाऊक असते. दहा दिशांनी दहा दुचाक्यांवर निघालेल्या माणसांसाठी असा कॉरिडॉर कोणी करू शकत नाही. शिवाय काही संकटांत रस्ताच नाहीसा होतो. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले, तेव्हा ज्यांच्या स्वतःच्याच दारात पाणी होते अशी माणसे केंद्रावर कशी पोहोचली असती?

तालुक्याच्या गावांचे मात्र मला वेगळे वाटते. कुही, भिवापूर, पारशिवनी अशा गावांत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोटारसायकलने पाच मिनिटे पुरतात. वेल्डर, मेकॅनिक, ट्रॅक्टरचालक अशी यंत्राला हात लावणारी, बंब चालवायला शिकू शकणारी आणि दिवसभर गावातच असणारी माणसे तिथे मिळतात. शिकवणाऱ्यांची वाण नाही, राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय 1957 पासून नागपुरातच आहे. अडचण पैशाची आणि विम्याची आहे. ब्रिटनमध्ये अशा माणसाला वर्षाचा ठरावीक मोबदला, शिवाय प्रत्येक कॉलचे वेगळे पैसे मिळतात. फुकटच्या उत्साहावर उभी केलेली पथके आपल्याकडे पहिल्या उन्हाळ्यात जोरात धावतील आणि दुसऱ्या उन्हाळ्यात फोन उचलणार नाहीत.

राहिला प्रश्न आपल्या शेजाऱ्यांचा. 1 मे 2017 पासून मंत्र्यांसकट सर्वांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले. असे दिवे आता आणीबाणीच्या सेवेतील वाहनांपुरते आहेत आणि अनेक सुरांचा भोंगाही रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस अशाच वाहनांना चालतो. शेजाऱ्यांची गाडी खासगी आहे. तिच्यात बसलेला माणूस अग्निशामक आहे म्हणून ती अग्निशमन वाहन ठरत नाही. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 194-ई बंबाला किंवा रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगते, पण ते संरक्षण त्यांच्या गाडीला मिळणार नाही. दिवा काढून ठेवावा, हे त्यांना समजावणे बरे.

आणि बहुतेक वेळा त्यांना तेवढी घाई नसतेही. सुट्टीवरच्या माणसाला बोलावतात तोवर पहिला बंब केव्हाच पोहोचलेला असतो. आमच्या भागात जिनिंगला आग लागली की कापसाच्या गाठी आतून दिवसचे दिवस धुमसत राहायच्या. वरून पाणी मारून विझल्यासारखी दिसणारी गाठ फोडली की आत निखारा निघायचा. अशा वेळी घरून बोलावलेली माणसे हवी असत ती थकलेल्यांच्या हातातला होज घ्यायला, आणि त्यासाठी दहा मिनिटे उशीर झाला तरी काही बिघडत नसे. मात्र वाटेत पडून हात मोडून घेतलेला माणूस अजिबात कामाचा नसे. त्यांनी निघताना नियंत्रण कक्षाला फोन करून आपण कुठून निघालो आणि केंद्रावर यायचे की थेट जागेवर, एवढे विचारून घ्यावे. आपल्याला मदतच करायची असेल तर अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये रात्री त्यांच्या गाडीला आडवी गाडी लागणार नाही एवढे सोसायटीत ठरवून घ्या. फाटकातून बाहेर पडायला लागणारी पाच मिनिटे कोणताही दिवा भरून काढत नाही.