जगातलं सगळ्यात कल्पक आधुनिक शिल्प कोणतं?

माझं मत डच कलावंत थिओ यान्सन यांच्या ‘स्ट्रँडबीस्ट’ना. १९९० पासून ते वायरिंगच्या पिवळसर पीव्हीसी नळ्यांचे हे सांगाडे बनवताहेत, आणि ते समुद्रकिनाऱ्यावर चक्क चालतात! ना मोटर, ना बॅटरी, निव्वळ वारा. काहींच्या पोटात प्लास्टिकच्या बाटल्या असतात. वारा असताना त्यांत हवा दाबून भरली जाते, वारा पडला की तीच हवा पाय हलवते. एक नळी तर वाळूलगत सतत हवा ओढत असते. तिच्यात पाणी शिरलं की सांगाडा मागे फिरतो. शिल्पाने स्वतःला बुडण्यापासून वाचवायचं, ही कल्पनाच थक्क करणारी आहे.

प्रागमधलं शिल्पकार दाविद चेर्नी यांचं, लेखक फ्रान्झ काफ्का यांच्या डोक्याचं शिल्पही (२०१४) बघाच. स्टीलचे ४२ थर वेगवेगळे फिरतात, चेहरा विस्कटतो आणि पुन्हा जुळतो.