सुपरचार्जरमधला 'चार्ज' बॅटरीचा नाही

होटगी रोडवरनं एकानं विचारलंय, जुन्या पंख्याच्या विमानांना सुपरचार्जर असायचा तो बॅटरी चार्ज करायला का, आणि त्याला मराठीत काय म्हणायचं. बॅटरीचा काडीचा संबंध नाही! सात रस्त्याला मोबाईलच्या दुकानापासून जिमच्या फ्लेक्सपर्यंत जिकडं तिकडं 'सुपरचार्ज व्हा', वाचून वाचून डोकं उठतं, घोळ तिथनंच झालाय.

चार्ज म्हणजे मुळात माल भरणं. लॅटिनमध्ये कार्रुस म्हणजे गाडा, तोही त्यांनी गॉल लोकांकडनं उचललेला, त्यावरनं कार्रिकारे म्हणजे गाडा भरणं, ते फ्रेंचमधनं इंग्रजीत येऊन चार्ज झालं. कार, कार्गो सगळी त्याच घरातली, आणि कॅरिकेचरसुद्धा, चेहऱ्यावर जरा जास्तच लादलेलं चित्र! बंदुकीत एका बाराला लागणारी दारू हा चार्ज, तसंच सिलिंडरमध्ये एका वेळी जाणारं हवा-पेट्रोल हाही चार्जच. वीज फार मागनं आली.

आता वर गेल्यावर काय होतं बघा, इंजिन हवा ओढतं लिटरच्या मापानं, पण पेट्रोल जळतं हवेच्या वजनावर, किलोला साधारण 15 किलो हवा. 18,000 फुटांवर हवेचा दाब निम्म्यावर येतो, त्यामुळं सिलिंडर भरला तरी आत माल कमी आणि ताकद जवळपास अर्धी. सुपरचार्जर म्हणजे क्रँकशाफ्टवरनं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावरनं, गिअर लावून प्रचंड वेगानं फिरवलेलं चाक, ते हवा दाबून आत कोंबतं. कोंबली की हवा तापते, नॉकिंगची, म्हणजे पेट्रोल आपोआप भडकून इंजिनाला ठोके बसायची भीती, म्हणून 1942 च्या स्पिटफायर नाइन या ब्रिटिश लढाऊ विमानातल्या मर्लिन 61 इंजिनाच्या सुपरचार्जरला दोन टप्पे, दोन स्पीड आणि दाबलेली हवा गार करायची सोय. खाली जमिनीजवळ थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करायचा पडदा, आवरूनच धरावा लागायचा, नाहीतर भरणा जास्त होऊन इंजिनच जायचं.

मराठी शब्द म्हणाल तर आपल्याकडं ठासणीची बंदूक होती की, नळीत गजानं दारू ठासायची! माझं ठाम मत, सुपरचार्जरला ठासणीच म्हणावं. काही शिकवणारे लोक 'अतिभारण' सुचवतात ते मला अजिबात मान्य नाही, अहो अतिभार म्हणजे ओव्हरलोड, आणि अधिभार म्हणाल तर तो बिलावर लागतो. इंजिनावर भार वाढत नाहीये, आत माल वाढतोय, एवढं तरी बघा. टर्बो ही वेगळी चीज नाही, तीच ठासणी, फक्त एक्झॉस्टच्या झोतावर फिरणारी, आणि 1918 मध्ये अमेरिकेत पाइक्स पीकच्या माथ्यावर, 14,000 फुटांवर, लिबर्टी नावाच्या विमानाच्या इंजिननं तिच्याच जोरावर समुद्रसपाटीएवढी ताकद दिली.