अंदमानचे जुने नकाशे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वाड्यातल्या जुन्या पेटीत अंदमानचा इंग्रजी नकाशा सापडला. सन नाही. त्यावर 'पोर्ट कॉर्नवॉलिस' आहे, 'पोर्ट ब्लेअर' मात्र कुठेच नाही. किती जुना असेल? (रत्नागिरी)

आधी ते नाव नकाशात कुठे छापलंय ते पाहा, कारण पोर्ट कॉर्नवॉलिस दोन झाली. बॉम्बे मरीन या ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारातला लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर याने १७८८-८९ मध्ये किनाऱ्याची मोजणी केली आणि १७८९ मध्ये दक्षिण अंदमानात, चॅथम बेटावर वसाहत घातली. त्या बंदराचं नाव पोर्ट कॉर्नवॉलिस. १७९२ मध्ये वसाहत उत्तर अंदमानच्या ईशान्य किनाऱ्यावर हलवली, तेव्हा नावही तिकडे नेलं आणि पहिलं बंदर 'ओल्ड हार्बर' झालं. नवी जागा रोगट निघाली, माणसं मरू लागली. १७९६ मध्ये सगळा गाशा गुंडाळला.

तुमच्या नकाशात नाव दक्षिणेला असेल तर तो त्या तीन वर्षांतल्या माहितीवर काढलेला आहे, आणि असे नकाशे फार क्वचित हाती लागतात. उत्तरेला असेल तर १७९२ नंतरचा, पण बहुधा १८५८ च्या आधीचा, कारण 'पोर्ट ब्लेअर' हे नाव तेव्हापासूनचं. बेटाचा आतला भाग कोरा दिसला तर नकाशा अपुरा समजू नका. मोजणी जहाजावरून आणि होड्यांतून झाली होती. आत राहणाऱ्या अंदमानी लोकांच्या जंगलात मोजणीदार शिरलेच नव्हते. पाण्याची खोली दाखवणारे आकडे मात्र किनाऱ्यालगत दाटीने असतील.

प्रश्न : आमच्या नकाशात रॉस, व्हायपर, अ‍ॅबरडीन, माउंट हॅरियट सगळं आहे, पण सेल्युलर जेल नाही. नकली असेल का? (नागपूर)

एवढ्यावरून नकली ठरत नाही. तो तुरुंग १८९६ ते १९०६ या काळात बांधला गेला. माउंट हॅरियट हे नाव मात्र १८६२-६४ मधले कैदी वसाहतीचे अधीक्षक टायटलर यांच्या पत्नीवरून पडलं. तेव्हा तुमचा नकाशा या दोन टोकांमधला असावा.

आपल्याकडे अंदमान म्हटलं की सावरकरांची कोठडीच डोळ्यांपुढे येते. ते १९११ मध्ये तिथे पोचले. त्याआधी अर्धशतकाहून जास्त काळ तिथे काळ्या पाण्याची शिक्षा चालू होती. १० मार्च १८५८ ला वसाहतीचे पहिले अधीक्षक डॉ. वॉकर दोनशे कैदी घेऊन उतरले. जंगल तोडायचं ते कैद्यांनी, बराकी बांधायच्या त्याही कैद्यांनी. व्हायपर बेटावर साखळदंडातले कैदी ठेवत. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला मारणाऱ्या शेर अली या कैद्याला १८७२ मध्ये तिथेच फाशी दिलं. तुमच्या नकाशातला प्रत्येक ठिपका या माणसांच्या श्रमावर उभा आहे, म्हणून मला तो तुरुंगाच्या चित्राहून मोलाचा वाटतो.

प्रश्न : अस्सल की अलीकडची छपाई, घरच्या घरी कसं ओळखायचं? (पुणे)

चांगलं भिंग घ्या. रेषा आणि रंग बारीक ठिपक्यांनी बनलेले दिसले तर आधुनिक ऑफसेट छपाई. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या नकाशात रेषा सलग असतात आणि चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाबलेला चौकोन उमटतो. शिळाछापात हा चौकोन नसतो, तेव्हा तेवढ्यावरून निकाल देऊ नका. समास कापलेला असेल तर ती खूणही गेलेली असते.

प्रश्न : लॅमिनेट करून घेऊ का? (सांगली)

अजिबात नको! ते पुन्हा निघत नाही. सेलोटेपही लावू नका. आम्लरहित कागदात सपाट ठेवा, उन्हापासून लांब. फाटलंय ते कागद-संवर्धकाकडून जपानी कागद आणि गव्हाच्या खळीने जोडून घ्या.

प्रश्न : अमेरिकेतल्या भाच्याला भेट पाठवायचा आहे. (ठाणे)

थांबा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तू येतात, आणि ऐतिहासिक मोलाच्या कागदपत्रांना पंचाहत्तर वर्षंच पुरतात. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. तुमचा नकाशा त्यात मोडतो का, हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ठरवून घ्या. भाच्याला तोवर उत्तम स्कॅन पाठवा, आणि त्याची एक प्रत जवळच्या इतिहास संशोधन संस्थेलाही द्या.