शब्द तिसरा, जागा दुसरी

चिरंजीव मुलीस, अनेक आशीर्वाद.

स्वित्झर्लंडच्या रोमान्श भाषेवरच्या तुझ्या अभ्यासाचा आराखडा दोनदा वाचला. 'रोमान्शमध्ये क्रियापद दुसऱ्या जागी येतं, कारण शेजारी जर्मन आहे' हे पहिलंच वाक्य मी खोडलंय. रागावू नकोस, आधी मोजायचं कसं ते बघू.

ऱ्हाइनच्या उगमाकडच्या खोऱ्यात रोमान्शची सुर्सिल्वान ही बोली बोलतात. तिथे 'आज' पुढे आणला की 'ऑत्स मोन येउ आ कुएरा' होतं: आज जाते मी चूर शहराला. कर्ता क्रियापदाच्या मागे गेला. खालच्या एंगादीन खोऱ्यातल्या वाल्लादेर बोलीत हेच 'ऑत्स वेन्या आ कुओइरा'. तू हे 'कर्ता गाळला' या रकान्यात टाकलंस. तिथून काढ, 'मी' त्या 'वेन्या'च्या शेवटच्या 'आ'मध्ये आहे.

नकारात तर खरी गंमत आहे. सुर्सिल्वानचा 'बुका' क्रियापदानंतर येतो, वाल्लादेरचा 'नु' आधी: 'ऑत्स नु वेन्या'. शब्द मोजलेस तर क्रियापद तिसरं. पण 'नु' एकटा उभा राहत नाही, क्रियापदाला धरूनच चालतो, म्हणून जागा दुसरीच.

आता जर्मनचं. नुसती नक्कल असती तर गौणवाक्यात क्रियापद जर्मनसारखं शेवटी गेलं असतं. रोमान्शमध्ये ते जात नाही. 'मला माहीत आहे की तू जातेस चूरला' असाच क्रम राहतो. जुन्या फ्रेंचमध्येही मुख्य वाक्यात क्रियापद दुसरं यायचं, आणि आपल्या काश्मिरीत आजही येतं. तिच्या शेजारी कुठे जर्मन आहे? मला वाटतं, ही जुनी ठेवण आहे आणि जर्मनच्या सहवासाने ती टिकली. पण माझं मत तू गृहीत धरू नकोस, तुझ्या नोंदींतून काय निघतं ते बघ.

रोमान्श बोलणाऱ्यांना जर्मनही येतं, म्हणून जर्मन वाक्य देऊन भाषांतर मागू नकोस. जर्मनचाच क्रम परत हातात पडेल. चित्रं दाखव, कालचा दिवस सांगायला लाव. सरकारी पत्रकांतली उदाहरणंही नकोत: 'रुमान्च ग्रिशुन' हे हाइनरिख श्मिड यांनी १९८२ साली बांधलेलं लेखी प्रमाणरूप आहे, कुठल्या खोऱ्यातली घरची बोली नव्हे.

आणि सुत्सिल्वान ही बोली का वगळलीस? बोलणारे थोडे म्हणून? मग तिथेच आधी जा. ध्वनिमुद्रणं हाती आली की लिहून काढायची वाट न बघता तशीच पाठव, मला ती ऐकायची आहेत.