सोपी पदवी, साडेतेरा लाखांत?

सांगलीहून एका आईने विचारलं आहे: 'लेक बारावी कॉमर्सला ८१ टक्क्यांनी पास झाली. गणित नको, ताण नको, म्हणून तिला पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात बीबीए करायचंय. फी वर्षाला ३ लाख, राहण्या-जेवणाचे दीड लाख. मिस्टर ५४ वर्षांचे, खासगी नोकरीत, वर्षाचं उत्पन्न ७ लाख २० हजार. ६ लाखांची एफडी मोडून वर साडेसात लाखांचं शैक्षणिक कर्ज काढावं का? तिने बीबीएची सीईटी दिली आहे. गावातच बीकॉम केलं तर फी अगदी किरकोळ आहे. सोप्या कोर्सवर एवढा खर्च करावा का? शनिवारपर्यंत ५० हजार भरून सीट धरायची आहे.'

ताई, सोपा कोर्स घेण्यात मला काहीच गैर वाटत नाही. न झेपणारं इंजिनीअरिंग घेऊन एटीकेटीत दोन-दोन वर्षं घालवणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या घरच्यांचे पैसे सोप्या कोर्सवाल्यांपेक्षा जास्त गेले. बँकेची परीक्षा असो की एमपीएससीची राज्यसेवा, बहुतेक पदांना कुठल्याही शाखेची पदवी चालते. पदवी सोपी असेल आणि स्वस्तही, तर उरलेला वेळ नि पैसा दुसऱ्या तयारीला लावता येतो. तुमच्या बेतात पदवी सोपी आहे, पण महाग आहे. माझी हरकत तेवढ्यालाच आहे.

आता कर्जाचा हिशेब. साडेसात लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत, त्यामुळे ते सहज मिळेल असं वाटतं. दरवर्षी अडीच लाख उचलले आणि व्याज १० टक्के धरलं, तर तीन वर्षांचा कोर्स आणि पुढचं एक वर्ष सवलतीचं (हप्ता न भरण्याचं), एवढ्यात साधारण सव्वादोन लाख व्याज चढतं. हप्ता सुरू होताना डोक्यावर पावणेदहा लाख असतील. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला जवळपास १२,९०० रुपये. तिची पहिली नोकरी २२,००० हातात देणारी असेल असं धरा. पुण्यातलं भाडं आणि डबा यातून उरेल का? आणि तेव्हा मिस्टर ५८ वर्षांचे असतील, म्हणजे खासगी नोकरीत बहुतेक ठिकाणी निवृत्तीचं वय. कर्जावर सहकर्जदार म्हणून सही त्यांचीच असेल. एफडी आधीच मोडलेली. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती हप्ता सुरू होतो त्या पाचव्या वर्षाची.

कर्जाच्या व्याजावर कर वाचतो असं कुणी सांगितलं असेल, तर ती वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. तुमच्या उत्पन्नावर नव्या प्रणालीत करच लागत नाही, तेव्हा तो फायदा हिशेबात धरू नका. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना सवलतीच्या काळात व्याजात ३ टक्के सूट आहे, पण फक्त यादीतल्या संस्थांसाठी. हे विद्यापीठ त्या यादीत आहे का ते पाहा.

पत्रात सीईटीचा उल्लेख तुम्ही ओझरता केलाय, मला मात्र तोच महत्त्वाचा वाटतो. २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे कोर्स एआयसीटीईच्या (तंत्र व व्यवस्थापन शिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय परिषदेच्या) कक्षेत आले आणि राज्यात त्यांचे प्रवेश सीईटीने व्हायला लागले. त्याच वर्षी राज्य सरकारने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी नि परीक्षा फी पूर्ण माफ केली. अट अशी की प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, हवा; मॅनेजमेंट कोट्याला माफी नाही, आणि खासगी व अभिमत विद्यापीठंही यातून वगळली आहेत. म्हणजे लेकीला बीबीएच हवं असेल, तर तेच बीबीए शिवाजी विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजात, घरी राहून, जवळजवळ फीशिवाय होऊ शकतं. कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) हा कोर्स नि तुमचा प्रवर्ग बसतो का ते लेखी विचारून घ्या. उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला आत्ताच काढायला टाका.

गणिताबद्दल मात्र लेकीशी मोकळेपणाने बोला. पदवीत टाळलेलं गणित पुढे भेटतंच. बीबीएनंतर बरीच मुलं एमबीएकडे वळतात आणि राज्याच्या एमबीए सीईटीत २०० पैकी ५० प्रश्न गणिताचे असतात. बँक क्लार्कच्या पूर्वपरीक्षेत १०० पैकी ३५. हे गणित दहावीच्या पातळीचं आहे, रोज अर्धा तास सराव केला तर वर्षभरात भीती जाते. ८१ टक्के मिळवणाऱ्या मुलीला ते जमेल, मला शंका नाही. बीकॉम घेतलं तर सीए फाउंडेशन देऊन पाहता येईल, पण तिला मनापासून करायचं असेल तरच. नाहीतर एखाद्या कर सल्लागाराकडे किंवा हळदीच्या पेढीवर दुपारचं काम धरावं. जीएसटीची विवरणपत्रं, टॅली, एक्सेल हातातून गेलेलं असलं की पहिल्या मुलाखतीत बोलायला काहीतरी असतं.

पुण्याचं विद्यापीठ पूर्ण सोडायचं नसेल, तर त्यांना एक गोष्ट विचारा: मागच्या बॅचच्या फक्त बीबीएच्या किती मुलांना नोकरी लागली आणि मधल्या क्रमांकाच्या मुलाचा पगार किती? सर्वांत मोठ्या पॅकेजचा आकडा नको, एमबीएची मुलं मिसळलेला आकडाही नको. उत्तर लेखी मिळालं आणि तो पगार महिना ३५,००० च्या पुढे असला, तर मला पुन्हा लिहा, आपण हिशेब नव्याने मांडू.

तोवर शनिवारचे ५० हजार भरू नका. भरावेच लागले, तर प्रवेश रद्द केल्यास किती पैसे कोणत्या तारखेपर्यंत परत मिळतात हे आधी लेखी घ्या. एफडीला हात लावू नका. कॅपच्या फेऱ्या संपेपर्यंत ती मोडायचं काही कारण नाही.