मोटारी नकोत, डांबरही नको : फ्रान्समधल्या खडीच्या सायकलवाटा

प्रश्न : फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून पाच-सहा दिवस ग्रॅव्हल सायकल (खडीच्या वाटांसाठीची रुंद टायरांची सायकल) चालवायची आहे. वाटेत मोटारी अजिबात नकोत. 'व्हेलोरूट' म्हणून आखलेला कुठलाही मार्ग धरला तर चालेल का?

उत्तर : नाही, पहिली फसगत इथेच होते. व्हेलोरूट म्हणजे पाट्या लावलेला लांब पल्ल्याचा सायकलमार्ग. त्यात कमी वर्दळीचे मोटाररस्तेही धरलेले असतात. मोटारबंदी असते ती 'व्वा व्हेर्त'वर. निळ्या चौकोनी पाटीवर पादचारी, सायकल आणि घोडेस्वार दिसला की समजा, ही वाट बिनमोटारींसाठी राखलेली आहे. पण व्वा व्हेर्त म्हणजे खडी, असंही नाही. बरगंडीतली जीव्री ते क्ल्युनी ही १९९७ साली खुली झालेली पहिली व्वा व्हेर्त डांबरी आहे. बोर्दोहून सोव्हतेरला जाणारी जुन्या रेल्वेमार्गावरची वाटही तशीच. मोटार नाही, पण खडीही नाही.

म्हणून आमचा सल्ला असा : नावापेक्षा ती वाट मुळात कशासाठी बांधली होती ते पाहा. कालव्याकाठी घोडे बोटी ओढत, तिथली वाट सपाट असते, पण पावसात चिखलते. रुळांच्या जागी झालेल्या वाटेचा चढ सहसा दोन-तीन टक्क्यांच्या पुढे जात नाही, पण तो तासन्‌तास संपतही नाही. जंगलातल्या वाटा लाकूड वाहून नेण्यासाठी केलेल्या, त्यामुळे तिथे मोठे दगड आणि ट्रकच्या चाकोऱ्या.

पाच-सहा दिवसांसाठी आमची पहिली पसंती नांत-ब्रेस्त कालवा. ब्रिटनीतून जाणारी ही वाट सुमारे ३६० किलोमीटरांची आहे. बहुतेक ठिकाणी बारीक खडी दाबून बसवलेली आहे आणि ३८ मिमीचे टायर पुरतात. रोआं ते पोंतिव्ही या टप्प्यात पन्नासहून अधिक जलपाश (बोटींना वरच्या-खालच्या पातळीवर नेणारी दारांची कुंडं) आहेत. प्रत्येकापाशी छोटासा खडा चढ येतो. एकेक चढ किरकोळ असला तरी सामानाच्या सायकलवर त्यांची बेरीज पायांना जाणवते. गेर्लेदांच्या धरणामुळे कालवा तुटला आहे, तिथे वाट जुन्या रेल्वेमार्गाने वळसा घेते. हिवाळ्यात मात्र हा बेत आखू नका, कारण उस्त नदीला पूर आला की काठची वाट पाण्याखाली जाते.

डोंगर हवे असतील तर आर्देशमधली 'दोल्चे व्हिया' घ्या. ऱ्होन नदीकाठच्या ला वूल्तहून एरिय नदीच्या खोऱ्यातून ल शेलारकडे ही वाट चढते. पुढे एक फाटा लामास्त्रला आणि एक सँ-आग्रेव्हला जातो. फाट्यांसह साधारण ९० किलोमीटर. अरुंद रुळांची जुनी रेल्वे इथून जायची, म्हणून वळणं घट्ट आहेत आणि समोरून येणारा उशिरा दिसतो. घंटी हवीच. दक्षिणेत ओ-लांगदोक भागातली बेदारियू-माझामे ही 'पासापाईस' वाटही सुमारे ८० किलोमीटरांची. तीही जुन्या रेल्वेचीच असल्यामुळे बोगदे लागतात. पुढचा दिवा भर दुपारीही हाताशी ठेवा.

प्रश्न : दक्षिण फ्रान्समधल्या मिदी कालव्याची वाट तुलूझच्या पुढे फार खराब आहे, असं मित्र सांगतात. टाळावी का?

उत्तर : टाळू नका, फक्त दिवसाचं अंतर कमी करा. तुलूझपासून पोर-लोरागेपर्यंतचे सुमारे ५० किलोमीटर डांबरी आहेत आणि मित्रांचा गैरसमज तिथेच सुरू होतो. पहिल्या दिवसाचा वेग पाहून पुढचे मुक्काम ठरवले जातात. पुढे ओद जिल्ह्यात वाटेची दुरुस्ती टप्प्याटप्प्याने होत आली आहे, पण कार्कासोनच्या पूर्वेला अरुंद, मातीचे आणि मुळांनी भरलेले पट्टे लागतात. तिथे ताशी १२ किलोमीटर धरा. दिवसाला ५० किलोमीटर पुष्कळ झाले.

मुळं काठच्या प्लेन वृक्षांची (चिनारच्या जातीची झाडं). ती वाट आडवी ओलांडतात. तिरकं चाक घातलंत तर ते मुळावरून घसरतं, आणि शेजारी पाणी असतं. चाक मुळाला काटकोनात न्या, पेडल मारणं क्षणभर थांबवा आणि दोन्ही पेडल सारख्या उंचीवर ठेवा. २००६पासून या झाडांना बुरशीचा असाध्य रोग लागला आहे आणि हजारो झाडं तोडावी लागली आहेत. सतराव्या शतकातल्या या कालव्याचं ते फार मोठं नुकसान आहे. सायकलस्वारासाठी त्याचा अर्थ असा की जुन्या छायाचित्रांतली सावली आता सलग मिळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे निघा.

दिशा तुलूझकडून समुद्राकडे ठेवा. वायव्येचा 'सेर्स' वारा पाठीशी राहतो. आग्नेयेचा 'ओतां' सुटला तर हाच हिशेब उलटतो. जोरदार पाऊस झाल्यावर एक दिवस थांबा किंवा शेजारच्या लहान रस्त्यांनी जा, कारण तिथली चिकणमाती टायर आणि फ्रेमच्या मधल्या फटीत गच्च बसते आणि चाक फिरेनासं होतं.

प्रश्न : टायर किती रुंद, हवा किती? आणि पंक्चरचं काय?

उत्तर : स्वाराचं वजन ७५ किलो, सामान ८ किलो आणि ४० मिमीचे ट्यूबलेस टायर धरले, तर पुढे ३२ आणि मागे ३६ पीएसआयने सुरुवात करा. ट्यूब असेल तर चार-पाच पीएसआय वाढवा. मिदीच्या मुळांसाठी ४५ मिमी बरे, पण तिथे हवा फार कमी केली की मूळ थेट रिमवर आपटतं. सीलंट (टायरमधलं छिद्र बुजवणारं द्रव) ४० मिमीच्या टायरमध्ये ६० मिली, ४५ मिमीत ८० मिली. दोन-तीन महिन्यांनी ते सुकतं, तेव्हा प्रवासाआधी पुन्हा भरा.

ब्रिटनी आणि नॉर्मंडीत काट्यांची कुंपणं यंत्राने छाटतात आणि काटे वाटेवर पसरतात. ट्यूबलेसमध्ये असे पाच-सहा काटे रुतूनही कळत नाही, सीलंट ते बुजवत राहतं. मग एखाद्या मोठ्या छिद्रासाठी ट्यूब घालायची वेळ येते आणि तेच जुने काटे नव्या ट्यूबला टोचतात. म्हणून ट्यूब घालण्याआधी टायर आतून कापडाने चाचपा आणि प्रत्येक काटा चिमट्याने काढा. मोठ्या छिद्रासाठी प्लग (छिद्रात खुपसायची रबरी पट्टी) घाला, चिमटा मात्र विसरू नका. बहुतेक जण तोच विसरतात.

पांढऱ्या चुनखडीची वाट ओली झाली की तिची लेप लागणारी पेस्ट होते आणि रेझिनचे ब्रेक पॅड झपाट्याने झिजतात. पावसाळी आठवड्यासाठी सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड बसवा आणि एक जादा जोडी ठेवा.

प्रश्न : नकाशात जंगलवाट दिसते, जागेवर गेलं की फाटक असतं. आत जावं का?

उत्तर : फाटक कशाचं आहे ते पाहा. सरकारी जंगलातला आडवा दांडा सहसा मोटारींसाठी असतो. सायकलबंदीची पाटी नसेल तर बाजूने जाता येतं. 'शमँ रुराल' ही ग्रामपालिकेची, लोकांना खुली वाट. 'शमँ देक्स्प्ल्वातास्यों' ही मात्र शेतमालकांची असते आणि ते ती बंद करू शकतात. नकाशावर दोन्ही सारख्याच रेघांनी दिसतात, म्हणून घोटाळा होतो. 'प्रोप्रिएते प्रिव्हे' (खासगी मालमत्ता) अशी पाटी असेल तर मागे फिरा. २०२३च्या कायद्यानंतर अशा खूण केलेल्या खासगी रानात शिरल्यास १३५ युरो दंड होऊ शकतो.

सप्टेंबर ते फेब्रुवारी हा शिकारीचा हंगाम. 'शास आं कूर' अशी पाटी दिसली तर तिथे शिकार चालू आहे. जिल्ह्यागणिक वार बदलतात, ग्रामपालिकेत विचारून घ्या. केशरी जाकीट घाला आणि शनिवार-रविवारी जंगल सोडून कालवा किंवा जुना रेल्वेमार्ग धरा.

प्रश्न : खेड्यात पाणी आणि खाणं मिळेल का?

उत्तर : पाणी बहुधा दफनभूमीच्या नळावर. 'ओ नों पोताब्ल' (पिण्याजोगं नसलेलं पाणी) लिहिलं असेल तर पिऊ नका. दुकानं दुपारी दोन-अडीच तास बंद असतात आणि बऱ्याच बेकऱ्या सोमवारी उघडतच नाहीत. रविवारी सकाळीच दोन वेळचा पाव घेऊन ठेवा.